कल्ले बघणारे मामा

मासे खाणाऱ्या प्रत्येक घरात असा एक माणूस असतोच. त्याच्यावाचून मासळी आणायला कुणी धजत नाही, आणि त्याच्याबरोबर बाजारात जायला कुणी तयार होत नाही. आमच्या घरी हा मान मामांचा. मूळ गाव मालवणजवळचं, हयात दादरला गेली, नोकरी बेस्टमध्ये तिकीट तपासनिसाची. जन्मभर नुसत्या चेहऱ्यावरून विनातिकीट प्रवासी हुडकणारी नजर निवृत्तीनंतर जाणार कुठे? ती सिटीलाइटच्या मासळीबाजारात आली.

गाळ्यापुढे मामा कमरेवर हात ठेवून उभे राहतात. आधी डोळ्यांत बघतात, पहिल्यांदा माशाच्या आणि मग कोळणीच्या. मग पापलेटाच्या पोटावर अंगठा दाबायचा आणि खड्डा भरून येतो का ते पाहायचं. शेवटी दोन बोटांनी कल्ला उचलायचा. कल्ला लालभडक असला तर नुसतं "हं". जरा तपकिरीकडे झुकलेला असला, तर "ही शनिवारची आहे" असं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून मामा पुढच्या गाळ्यावर. मागे उरलेल्या भाच्याने कोळणीकडे बघून कसनुसं हसायचं असतं. ते काम माझं.

माणसांची प्रतवारीही ते याच मापाने लावतात. बोंबील न खाणाऱ्याला ते क्षमा करतात, कारण तो अज्ञानी. पण सुरमईच्या तुकडीची कातडी ताटाच्या कडेला काढून ठेवणाऱ्याला त्यांच्या घरचं दुसरं आमंत्रण येत नाही. माझ्या मावसबहिणीला सांगून आलेलं एक चांगलं, शिकलेलं स्थळ "मला बासा आवडतो" या एका वाक्यावर परत गेलं.

आणि एवढ्या जाणकार माणसाने मासा जिवंत असा कधी पाहिलाच नव्हता. मामांची आणि माशाची पहिली भेट व्हायची ती बर्फावर. पोहता येत नव्हतं. त्यात नवल नाही. समुद्र दारात असून पाण्यात न उतरलेली माणसं कोकणात कितीतरी निघतील. गावी गेले की मामा संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी मारायचे, पण लाट घोट्याला लागली की लेंगा उचलून मागे. समुद्राकडून घ्यायचं असतं, त्याच्याकडे जायचं नसतं, असा एकूण व्यवहार.

तो मोडला मालवणात. जानेवारीत आम्ही सगळे गेलो होतो, मामा अर्थातच जेवायला. सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर आम्ही पोरं स्कूबाच्या होडीचा भाव करत होतो आणि मामा बाजूला उभे राहून रापण ओढली जाते का, ते बघत होते. होडीवाला विशीतला पोरगा, जातीचा दर्यावर्दी. त्याने आमच्यापेक्षा मोठं गिऱ्हाईक हेरलं.

"मामानू, तुमी येवचास नाय?"

"माका पोवाक येणा नाय."

"पोवाक कित्याक व्हया? आमी धरतलव. खालती बघा तरी. तांबोशी असा, गोबरो असा, शेवंडा असत."

मामा थबकले. "ताजी?"

पोरगा मामांच्या तोंडाकडे बघत राहिला. "पोवतत, मामानू," तो म्हणाला.

या एका शब्दावर मामा होडीत चढले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मालवण-तारकर्लीला पर्यटक जे करतात ती स्कूबाची नुसती चव असते. पोहता येत नसलं तरी चालतं. प्रशिक्षक मागून तुमच्या पाठीवरची टाकी धरून ठेवतो, तुम्ही चार-सहा मीटर खाली दहा-पंधरा मिनिटं तरंगता, समोर दुसरा एक जण कॅमेरा धरून असतो आणि वर आल्यावर मोबाइलमध्ये व्हिडिओ मिळतो. पण मामांनी त्याआधी टाकीची उलटतपासणी घेतली. "ह्यात ऑक्सिजन किती?" पोराने सांगितलं की ऑक्सिजन वगैरे नाही, साधी हवाच दाबून भरलेली असते, वातावरणाच्या दोनशेपट दाबाने. मामांचा चेहरा पडला. मालवणात येऊन हवेला पैसे मोजायचे, ही कल्पना त्यांना पचेना.

मग कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा आला. समोरच सिंधुदुर्ग उभा. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी तो बांधायला घेतला आणि पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं, असं तिथे प्रत्येक जण सांगतो. मामांनी किल्ल्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. "म्हाराजांनी शिसा ओतला तो किल्लो हलू नये म्हणान," ते म्हणाले. "आणि माका कित्याक? बुडूक?"

शेवटी खुणा. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हातवारे शिकवतात. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. पालथा पंजा हलवला, तर काहीतरी बिघडलंय. आणि अंगठा वर म्हणजे 'मला वर घ्या, पुरे झालं'. ही शेवटची खूण जगभरच्या नवशिक्यांना बाधते. मामांना तर बाधणारच होती, कारण त्यांच्या आयुष्यात अंगठ्याला एकच अर्थ: फस्कलास.

तो व्हिडिओ आमच्या घराण्याचा ठेवा आहे. लग्नकार्यात लावतात. त्यात मामा खाली जातात, नाक चिमटीत धरून कान मोकळे करतात, इथपर्यंत सगळं शिस्तीत. मग खडकामागून एक तांबोशी येते. मामांचे डोळे मोठे होतात आणि अंगठा वर जातो. पोरगा त्यांना वर काढतो. वरती काय संभाषण झालं ते कॅमेऱ्यात नाही. पुन्हा खाली. आता गोबरा. पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला पोराने काय दम भरला देव जाणे, पण त्यानंतर अखेरपर्यंत मामांचे दोन्ही अंगठे मुठीत गच्च आवळलेले दिसतात. मोर्चात घोषणा द्यायला निघालेला माणूस वाट चुकून समुद्रात शिरावा, असे मामा मालवणच्या तळाशी तरंगत आहेत.

वर आल्यावर मामांच्या तक्रारी सुरू झाल्या. पहिली वजनाची. ती तांबोशी तीन किलोची होती यावर मामा ठाम आणि पोरगा दोनच्या वर जायला तयार नाही. भांडणाच्या शेवटी पोराने सांगितलं, की पाण्यातून उजेड मास्कच्या काचेमागच्या हवेत शिरताना वाकतो आणि सगळंच एक तृतीयांशाने मोठं दिसतं. मामांनी हे शांतपणे ऐकलं. "म्हणजे समुद्रपण वजनात मारता," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सिटीलाइटच्या कोळणींबद्दल थोडी सहानुभूती वाटली असावी.

दुसरी तक्रार शेजारच्या होडीबद्दल. तिकडचा कुणी पाण्यात पावाचे तुकडे टाकत होता, म्हणजे पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे गोळा होतात आणि व्हिडिओत गिऱ्हाइकाच्या तोंडाभोवती फिरतात. सागरी जीवशास्त्रज्ञांना हा प्रकार मुळीच पसंत नाही. माशांच्या सवयी बिघडतात आणि पावाला सोकावलेल्या जातींची खोगीरभरती होते. मामांचा आक्षेप वेगळा होता. पाव खाणाऱ्या माशाला चव कुठली?

तिसरी तक्रार मात्र गंभीर. तांबोशी करडी दिसली. लाल रंगावरून जिचं नाव पडलं, ती करडी? "शिळी होती," मामा म्हणाले.

"मामा, जिवंत होती ती."

"जिवंत असेल. ताजी नव्हती."

पाणी सगळ्यात आधी तांबडा रंगच शोषून घेतं, खोल जाल तसा तो विझत जातो, टॉर्च मारला की परत दिसतो, हे पोराने समजावून पाहिलं. मामांना ते पटलं नाही, आणि न पटलेली गोष्ट प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्यांनी कधी सोडलेली नाही. मुंबईला आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपण रीतसर कोर्स करणार, टॉर्च घेऊन पुन्हा खाली जाणार आणि कल्ला बघणार.

मामी भाजी निवडत होत्या. "खाली बोलता येत नाही म्हणे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग जाऊ देत," मामी म्हणाल्या.

कोर्स म्हणजे 'ओपन वॉटर'. तो झाला की अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं. पण त्यासाठी दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगून दाखवावं लागतं. मामा चौसष्टाव्या वर्षी शिवाजी पार्कच्या तलावावर पहिलीतल्या पोरांच्या रांगेत उभे राहिले. पोहणं जेमतेम जमलं. तरंगणं पहिल्याच दिवशी. किंबहुना बुडणंच त्यांना शेवटपर्यंत अवघड गेलं. मामींच्या हातच्या जेवणाने अंगावर जे साठवलं होतं, ते पाण्यात खाली जायला राजी नव्हतं. वैद्यकीय फॉर्मवर पंचेचाळीशीच्या पुढच्यांसाठी जास्तीचे प्रश्न असतात. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, हृदयाचा आलेख काढला आणि विचारलं, "या वयात हे कशासाठी?" मामा म्हणाले, "एक चौकशी करायची आहे."

कोर्सला मामा अंदमानात गेले, हॅवलॉकला. २०१८पासून त्याचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, पण होडीवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. बेटावर वस्ती बहुतेक पूर्व बंगालातून आणून वसवलेल्या बंगाल्यांची. म्हणजे मासे खाणाऱ्यांचीच, आणि इथे मामांचं जमायला हवं होतं. पण ज्या घरी उतरले त्या घरमालकाने पहिल्याच रात्री सांगितलं, की खरा मासा नदीचा, समुद्राच्या माशाला नुसतं मीठ. त्यानंतर तीन दिवस मामा त्याच्याशी हिंदीत फक्त पाण्याच्या मोटारीविषयी बोलले.

खरी गंमत शिकवणारीची. शिकवायला आली ती सांगलीची मुलगी, सागरी जीवशास्त्र शिकलेली, आठ वर्षं डायव्हिंग करणारी आणि जन्माची शाकाहारी. तिला प्रत्येक माशाचं लॅटिन नाव पाठ, मामांना प्रत्येकाची चव. दोघं मिळून एक पूर्ण माणूस होत होता. पण खाली बोलता येत नसल्याने हा संवाद व्हायचा पाटीवर. पाण्यात लिहायला प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल असते. ती एखाद्या माशाकडे बोट दाखवून नाव लिहायची, मामा पाटी हिसकावून खाली लिहायचे. 'तिरफळ घालून.' 'कालवण नको, तळून.' 'काटे फार.' केंड मासा दिसला तेव्हा मामांनी पाटीवर मोठी फुली मारली. हे मात्र तिलाही मान्य होतं. केंड जातीच्या बऱ्याच माशांत जीवघेणं विष असतं.

शिकण्यातला पहिला आणि सर्वांत मोठा नियम असा, की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते आणि रोखून धरली तर फुप्फुसच फाटू शकतं. मामांना त्याची धास्ती नव्हती. त्यांना श्वास रोखायला सवडच नसे. तोंडात हवेची नळी असतानाही ते बोलत. शब्द ऐकू येत नसत, पण बुडबुडे उठत, आणि बाकीच्यांच्या टाक्या निम्म्या असताना मामांची हवा संपत आलेली असे. ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही बोलण्यात अर्धा समुद्र वाया घालवता."

टॉर्चचा निकाल खोल उतरल्यावर लागला. पंधरा-सोळा मीटरवर करड्या माशावर झोत टाकला आणि मासा लालबुंद. मामांनी झोत घालवला, करडा. लावला, लाल. तो मासा कंटाळून निघून जाईपर्यंत हा खेळ चालू होता.

पण मामांच्या मनात घर केलं ते दुसऱ्याच दृश्याने. प्रवाळाच्या एका उंचवट्याशी एक भलं मोठं हेकरू येऊन थांबलं. आपल्याकडे मालवणात ज्याला गोबरा म्हणतात तेच. थांबलं, तोंड उघडलं आणि दोन्ही कल्ले पूर्ण फाकवले. बोटभर लांबीचा, अंगावर निळा-काळा पट्टा असलेला एक मासा कुठूनसा आला, त्याच्या तोंडात शिरला, आतून फिरला आणि कल्ल्यातून तपासणी करत बाहेर पडला. मागे आणखी दोन मोठे मासे आपली पाळी येण्याची वाट बघत होते. रांगेत!

होडीवर येताच मामांनी नळी काढली. "तो कोण?"

"क्लीनर रास, काका. मोठ्या माशांच्या अंगावरचे आणि कल्ल्यांतले परजीवी खातो."

"आणि तो मोठा त्याला गिळत नाही?"

"नाही. त्याचाही फायदा असतो ना."

"पगार?"

"परजीवी हाच पगार."

मामांनी मान डोलावली. आपण जन्मभर फुकट करत आलो ते काम समुद्रात कुणीतरी नोकरी म्हणून करतो, याचं त्यांना समाधान वाटलेलं दिसलं. मग त्या मुलीने बोलता बोलता पुढचं सांगितलं, आणि तिथे मामा हरले. ब्लेनी कुळातला एक मासा हुबेहूब तसाच दिसतो. तोच निळा-काळा पट्टा, तशीच नाचत येण्याची लकब. मोठा मासा विश्वासाने उभा राहतो आणि हा त्याच्या अंगाचा लचका तोडून पसार होतो.

"बोगस चेकर!" मामा होडीत उभे राहून ओरडले. होडी एका बाजूला कलली. "अहो, असा एक आमच्या वेळी दादर-सायन मार्गावर फिरायचा! तोच शर्ट, तीच बॅग, लोकांकडून दंड घेऊन जायचा!"

प्रवाळ, कासवं, समुद्रफुलांत खेळणारे नारिंगी मासे, सगळ्यांना मागे टाकून हा बोगस चेकर मामांच्या अंदमानच्या आठवणींत पहिल्या नंबरावर आहे. पुढच्या सगळ्या डायव्हना ते त्याला पकडायच्या बेताने उतरले.

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसता येत नाही; शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो, लागोपाठ डायव्ह केले असतील तर किमान अठरा तास. तो वेळ मामांनी तिथल्या मासळीबाजारात घालवला. सांगलीच्या मुलीने त्यांना प्रमाणपत्र दिलं आणि ती पाटी स्वतःकडे ठेवून घेतली.

इथपर्यंत ठीक होतं. हाल सुरू झाले ते घरी.

पूर्वी जेवताना मामा मासा कुठला, केव्हाचा आणि मसाल्यात काय चुकलं एवढंच सांगत. आता ते त्याचं चरित्र सांगतात. ताटात हेकरू वाढलं की, "ही आधी बाई होती." माझ्या मेव्हण्याचा घास तोंडाशी थांबला. मामा पुढे: या जातीच्या माशांत बहुतेक जण आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि वाढल्यावर त्यांतले काही नर होतात. त्या नारिंगी माशांचं उलट, तिथे घरातली बाई गेली की नवरा स्वतःच बाई होतो. हे सांगताना मामा मामींकडे बघत होते. मामींनी त्यांना आणखी भात वाढला.

लेपा आला तर त्याच्या डोळ्यांची गोष्ट: जन्मतः दोन बाजूंना दोन डोळे, मग वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याजवळ येतो आणि मासा कायमचा एका कुशीवर आडवा होतो. एकदा मुलं पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याचे फोटो बघत होती, तेव्हा मामांनी सांगितलं की उष्ण समुद्रातली बरीच पांढरी वाळू म्हणजे पोपटमाशाने चावून चावून बाहेर टाकलेलं प्रवाळ. "बाहेर टाकलेलं म्हणजे?" असं धाकट्याने विचारलं आणि मामांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात धाकटा वाळूत किल्ला करायला बसला नाही.

"पूर्वी हे माशाचे काटे काढायचे," मामी म्हणतात, "आता कुंडली काढतात."

ते मासे खायचे सोडतील, असं माझ्या बायकोला वाटलं होतं. माशाला घरी जाऊन भेटून आल्यावर माणूस बदलतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. मामांनी एक तुकडीही कमी केली नाही. फरक इतकाच, की वीतभर सुरमई दिसली की ते आता कोळणीशी भावासाठी भांडत नाहीत, तिच्या वयासाठी भांडतात. "हिने अजून अंडी घातली नाहीत एकदाही!" आणि आपण तीन किलोची मागतात, जी परवडत नाही. मग बांगडे घेऊन घरी येतात.

सिटीलाइटच्या कोळणीने सुरुवातीला या नव्या विद्येचा फायदा करून घ्यायचा प्रयत्न केला. "यांना इचारा, हे समुद्राच्या तलाला जाऊन आल्यान," असं म्हणून ती मामांना गिऱ्हाइकांपुढे करायची. एका बाईंनी हेकरूचा भाव विचारला. मामांनी सांगितलं की आधी हा मासा काय होता, मग काय झाला, मग त्याच्या तोंडात कोण शिरायचं आणि तिथे काय खायचं. बाई ऐकत ऐकत चार पावलं मागे सरकल्या आणि चिकनच्या दुकानाकडे वळल्या.

त्या दिवसापासून मामांना गाळ्यामागे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसायची जागा मिळाली आणि चहा, या अटीवर, की गिऱ्हाईक असेतोवर तोंड उघडायचं नाही. मामांना ते जड गेलं नाही. न बोलता काम करायचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं होतं. ओळखीचा कुणी गाळ्यावर आला की कोळणीच्या पाठीमागून मामांचा हात वर येतो. अंगठा-तर्जनीचं वर्तुळ म्हणजे घे. पालथा पंजा हलला म्हणजे शनिवारची आहे. सगळ्या माहीम-दादरच्या ओळखीच्यांना आता हे माहीत झालं. त्या गाळ्यावर लोक मासे बघेनासे झाले, मामांकडे बघू लागले.

कोळीण काही दिवस बुचकळ्यात होती. मग एका रविवारी तिने मागे वळून मामांना पंजा हलवताना पकडलं. ती काही बोलली नाही. तिचा मुलगा मालवणला स्कूबा करून आला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तिने ओला हात पदराला पुसला, मामांच्या समोर धरला आणि अंगठा वर केला.

मामा उठले, पिशवी घेतली आणि घरी आले.